कपाटातली कार्डं

माझं नाव शीतल. वय बावीस. सौंसरच्या कॉलेजात बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला सिकल सेल आहे. हा रक्ताचा आजार आईबापाकडून येतो, शिवल्याने येत नाही, आणि जन्मभर सोबत राहतो. त्यापुढचं सगळं डॉक्टर माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मी आमच्या घरात काय झालं तेवढं सांगते. काही ठिकाणी माझी मलाच लाज वाटते, तरी सांगते. न सांगितल्याने काय होतं, ते मी पाहिलं आहे.

नाटक

आमचं गाव मध्य प्रदेशात, सौंसर आणि मोहगावच्या मधलं. बाबांचं सौंसरला मोटर वाइंडिंगचं छोटं दुकान आहे. विहिरीवरच्या जळलेल्या मोटरी दुरुस्त करतात. आई हंगामात संत्र्याच्या तोड्याला जाते, नाहीतर कापूस वेचायला. ती शाळेत कधी गेली नाही. आणि चौथी माझी बहीण पायल, माझ्याहून सहा वर्षांनी लहान.

कळायला लागल्यापासून माझे हातपाय दुखायचे. कामाने दुखतात तसे नाही. हाडाच्या आत पाना घालून कोणी आवळून राहिलंय, असं. दोन-तीन दिवस आवळायचं आणि मग आपोआप सोडून द्यायचं. सोडलं की मी खेळायला पळायची, आणि तिथंच घात व्हायचा. आई म्हणायची, "काल मरून राहिली होती, आज पाह्य पोट्टी कशी उड्या मारून राहिली."

गावातल्या डॉक्टरने वात सांगितला. एका म्हाताऱ्याने गुडघ्यांवर बिब्याचे चटके दिले. ते डाग अजून आहेत. डोळे पिवळे झाले की काविळीची माळ गळ्यात पडायची. शाळा हिंदी माध्यमाची. थंडीत प्रार्थनेला उभं राहिलं की माझे गुडघे वाकायचे. एकदा मी खाली बसले, तर सरांनी सगळ्या शाळेसमोर उभं केलं. "रोज रोज तेरे ही पैर दुखते हैं? खड़ी रह!" मी उभी राहिले. प्रार्थना संपली, रांगा वर्गात गेल्या, तरी मी तिथंच होते. पाऊल उचलत नव्हतं. सर म्हणाले, आता हे चालता न येण्याचं नवं नाटक.

नववीत असताना सरकारी दवाखान्याची माणसं शाळेत आली. सगळ्यांच्या बोटाला सुई टोचून रक्त घेतलं. एक सिस्टर म्हणाल्या, काही महिन्यांनी प्रत्येकाचं कार्ड येईल, शाळेतूनच मिळेल. मी घरी येऊन सांगितलंही. मग सगळेच विसरून गेलो.

त्या वर्षी दिवाळीनंतर मी अंथरूण धरलं. महिना-दीड महिना शाळेत गेले नाही. पुन्हा गेले तेव्हा हजेरी झाली आणि माझं नाव आलंच नाही. मी हात वर केला. मॅडम रजिस्टरवरून नजर न काढता म्हणाल्या, "तुम्हारा नाम कट गया। पिताजी को लेकर आओ।"

बाबा दोनदा जाऊन आले. एकदा हेडमास्तर नव्हते, एकदा अर्ज हिंदीत लिहून आणायला सांगितला. तिसऱ्यांदा बाबा गेले नाहीत. आई म्हणाली, "बरं झालं. चाल मंग तोड्याले."

पायल

पुढल्या हिवाळ्यात पायल तिसरीत होती. तीही अधूनमधून हात दुखतात म्हणायची. आमच्या घरात त्या वाक्याला किंमत उरली नव्हती. आई मला म्हणायची, "तिले तूच शिकवलं हे. एक नाटकी कमी होती घरात."

मीही तिच्यावर चिडायची. एका दुपारी ती माझ्या अंगाला चिकटून रडत होती. मी तिला बाजूला सारलं आणि म्हटलं, "मले नाही का दुखत? मी रडतो का? सहन करायचं शिक ना वं थोडं." ती गप्प झाली. लहान होती, पण माझं ऐकायची. त्यानंतर दोन दिवस ती रडली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई तिला आंघोळ घालायला उठवायला गेली. पायलचे ओठ पांढरे पडले होते. पोट डावीकडून टच्च फुगलं होतं. बोलत होती, पण हळूहळू. "आई, मी नाही रडली," म्हणाली. कोणाला उद्देशून म्हणाली ते मला माहीत होतं.

गावातल्या डॉक्टरने पोटावर हात ठेवला आणि लगेच काढला. "नागपूरले न्या." बाबांनी ओळखीच्या माणसाची गाडी आणली. मागच्या सीटवर पायलचं डोकं माझ्या मांडीवर, पाय आईच्या मांडीवर. सौंसर मागे पडलं तेव्हा तिने पाणी मागितलं. आईने झाकणाने दोन घोट पाजले. पुढे नाक्यावर ट्रकांची रांग होती. आमची गाडी तिच्यात उभी असताना माझ्या मांडीवरचं वजन बदललं. मेलेल्या माणसाचं डोकं जड होतं म्हणतात, ते खरं आहे. मी कोणाला काही बोलले नाही. रांग पुढे सरकली, गाडी निघाली, आणि बरंच अंतर गेल्यावर आईने तिच्या पायाला हात लावला.

गावात सांगितलं, कावीळ पोटात उतरली.

नागपूर

दोन महिन्यांनी मला पुन्हा दुखणं आलं. या वेळी छातीत. श्वास घेतला की कोणी आतून सुरी ओढतं आहे असं वाटायचं. आई उठली आणि बाबांना म्हणाली, "गाडी आणा." नाटक हा शब्द पायलबरोबर गेला होता.

नागपूरच्या सरकारी दवाखान्यात खिडकीवरच्या माणसाने गाव विचारलं आणि म्हणाला, "एमपीचे का? तिकडे दवाखाने नाही का तुमच्या?" बाबा हात जोडून उभे राहिले. मी आईच्या खांद्यावर होते. पलीकडून कोणीतरी त्याच्यावर ओरडलं तेव्हा त्याने केसपेपरची परची दिली.

वॉर्डात एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. रक्त तपासून आलं, तशा त्या आमच्याजवळ स्टूल ओढून बसल्या. आजाराचं नाव मी पहिल्यांदा तिथं ऐकलं. बाबांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. मग मॅडमनी विचारलं, "भावंडं किती हिला?"

"एक होती," बाबा म्हणाले.

"होती म्हणजे?"

"दोन महिने झाले."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "पोट फुगलं होतं का? डावीकडून?"

"हाव," आई म्हणाली. मग तिनेच विचारलं, "आधी समजलं असतं तर राहिली असती का माही पोरगी?"

मॅडम म्हणाल्या, "वाचलीच असती असं मी नाही सांगू शकत. पण ज्या घरात हा आजार माहीत असतो, त्या आईबापांना आम्ही लेकराच्या पोटावर हात ठेवून पाहायला शिकवतो. फुगलं की त्याच दिवशी आणतात. आणि बरीच लेकरं घरी जातात."

आईने माझ्या पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "असा?" मॅडमनी तिचा हात थोडा वर सरकवला. "असा." आईने तो बराच वेळ तिथंच ठेवला. घरी हात ठेवण्यासारखं आता दुसरं लेकरू नव्हतं.

तिथं मी सोळा दिवस होते. सकाळी फरशी पुसली जायची, मग डॉक्टरांचा मोठा घोळका यायचा, मग सुया, मग दुपारी भेटायला येणाऱ्यांचा गोंगाट. दुखणं वाढलं की मी इंजेक्शन मागायची. एक सिस्टर म्हणाली, "सवय लागली हिला इंजेक्शनची." ते ऐकून मी मागणं बंद केलं आणि उशी चावून पडले. शाळेत शिकलेलं तिथं कामी आलं, हेच वाईट. झाडूवाल्या मावशींनी ते पाहिलं. त्यांनी सलाइनच्या रिकाम्या बाटलीत गरम पाणी भरलं, फडक्यात गुंडाळून माझ्या गुडघ्याखाली ठेवलं आणि सिस्टरला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "लेकरू दात चावून राहिलं, तुमाले सवय दिसते व्हय?" सिस्टर आली. इंजेक्शन मिळालं. मावशींचं नाव मी विचारलं नाही, ते राहून गेलं.

तुम्हाला किंवा तुमच्या लेकराला हे असेल तर माझ्या अनुभवातलं एवढंच सांगते. दुखणं गिळू नका, मोठ्याने सांगा. पाणी सारखं प्या. थंडीत विहिरीच्या पाण्याने आंघोळ नको, ओले कपडे अंगावर नकोत. डॉक्टरांनी दिलेली रोजची गोळी बरं वाटलं तरी सोडायची नाही. मी दोनदा सोडली आणि दोनदा भोगलं. फाईल सोबत ठेवा. रात्रंदिवस धावपळीत डॉक्टर बदलतात, फाईल बदलत नाही. आणि एकाला निघालं की घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासा, सगळ्यांचं.

टीसी

दवाखान्यातून निघताना डॉक्टर मॅडमनी मला विचारलं होतं, कितवीत आहेस. मी म्हटलं, नाव कटलं. त्या म्हणाल्या, "घरी बसून परीक्षा देता येते. टीसी, शाळा सोडल्याचा दाखला, काढून आण शाळेतून."

जूनमध्ये मी आणि बाबा शाळेत गेलो. ऑफिसातल्या बाबूने लोखंडी कपाट उघडलं. टीसीचं पुस्तक खालच्या खणात होतं. ते ओढताना रबर लावलेला कार्डांचा एक गठ्ठा खाली पडला. मी उचलला. सगळ्यात वर माझं नाव होतं.

नाव, बाबांचं नाव, वर्ग नववी, गाव. खाली हिंदीत छापलेलं, आणि त्यापुढे पेनने खूण केलेली. जे नाव नागपूरला ऐकून बाबांनी दोनदा म्हणून पाहिलं होतं, ते तिथं होतं.

"हे काय आहे?" बाबांनी विचारलं.

बाबू म्हणाला, "जांचवाले कार्ड. बांटने के दिन जो बच्चे नहीं आए, उनके रह गए होंगे।"

बाबांनी कार्ड हातात घेतलं. ते मोटरवरची पाटी वाचतात तसं, बोट ठेवून वाचलं. बोट तारखेवर थांबलं. पायल गेली त्याच्या अकरा महिने आधीची तारीख होती.

अकरा महिने. तेव्हा पायल दुसरीत होती, पाढे म्हणत अंगणात फिरायची.

आमचं बोलणं ऐकून हेडमास्तर आले. बाबा ओरडले नाहीत. त्यांना ओरडता येत नाही. ते एवढंच म्हणाले, "सर, हे आलं होतं. घरी पाठवलं असतं तर..."

हेडमास्तर म्हणाले, "बच्ची हाज़िर रहती तो मिल जाता।"

मी हजर नव्हते कारण मी आजारी होते. आजारी होते म्हणून नाव कटलं, आणि नाव कटलं म्हणून ज्या कागदावर आजार लिहिला होता तो मला मिळाला नाही. हे मला त्यांना सांगता आलं नाही. आज लिहिताना सुचतं.

बाबूला बहुतेक वाईट वाटलं असावं, किंवा गठ्ठा कपाटातून जावा असं वाटलं असावं. टीसीसोबत तो माझ्या हातात देत म्हणाला, "तुम्हारे ही गाँव के हैं सब। दे देना।"

एकूण नऊ कार्डं होती.

रस्त्यात बाबा म्हणाले, "तुझ्या मायले नोको सांगू." मी हो म्हटलं. पण घरी आल्यावर आईने माझ्या हातातला गठ्ठा पाहिला आणि विचारलं. मी वाचून दाखवलं. तिने दुसरं काही विचारलं नाही, फक्त, "हे आलं तेव्हा पायल होती?"

"होती."

आई चुलीपुढे जाऊन बसली. चूल पेटलेली नव्हती.

आठ घरं

तिसऱ्या दिवशी सकाळी आईने लुगडं बदललं आणि म्हणाली, "ते कार्डं घे. कोणाकोणाचे आहेत सांग."

मी नावं वाचली. माझं सोडून आठ. चार पोरांच्या रक्तात काही नव्हतं. तिघं वाहक होती, म्हणजे त्यांना स्वतःला त्रास नाही, पण जोडीदारही तसाच मिळाला तर लेकरांना होऊ शकतो. माझे आईबाबा तसेच निघाले होते. आणि एका कार्डावर माझ्यासारखीच खूण होती. ते दिव्याचं.

आईने कार्डं घरांच्या क्रमाने लावून घेतली. वाचता येत नव्हतं, म्हणून गल्लीच्या क्रमाने पाठ केली. प्रत्येक दारात एकच बोलायची, "हे तुमच्या लेकराचं. शाळेत पडून होतं. माह्या एका पोरीचं पडून राहिलं, दुसरी गेली." कोणी पाणी दिलं, कोणी कार्ड घेऊन दार लावलं.

दिव्याचं घर आमच्याच गल्लीत होतं, म्हणून तिथं मीही गेले. दिव्या शाळेत माझ्यापेक्षा दोन वर्ग पुढे. तिचंही नाव कटलं होतं. आता ती घरीच होती. आठ दिवसांवर तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. अंगणात कुंदाबाई, म्हणजे तिची आई, पापड वाळत घालत होती.

आईने कार्ड पुढे केलं. "दिव्याचं आहे. तिले सौंसरले नेऊन रक्त तपासून आणा. अन् पोराचंबी तपासा."

कुंदाबाईने मला कार्ड वाचायला लावलं. मी वाचलं. तिने आजूबाजूला पाहिलं, कोणी ऐकलं का म्हणून. "आमच्या घरात असं काही नाही."

"आमच्याबी घरात नव्हतं."

"साक्षगंध तोंडावर आलं, अन् आज घेऊन आली हे?"

"म्हणूनच आली. मंग उशीर होते, कुंदाबाई."

कुंदाबाईने ते कार्ड अंगणात भिरकावलं. "एक पोट्टी खाऊन झाली तुही, आता माह्या पोट्टीचं घर खातं का?"

मला वाटलं, आई रडेल किंवा शिव्या देईल. ती पायरीवर बसली. "तुले जे म्हणायचं ते म्हण. तिले नेत नाही तोपर्यंत मी उठत नाही."

ती दुपारपर्यंत बसली. माणसं जमली. दिव्याच्या बापाने हात जोडून पाहिलं, मग दम देऊन पाहिला. कोणीतरी बाबांना दुकानात निरोप पाठवला. ते आले, कान लाल झालेले. "चाल घरी. लोकं हसून राहिले."

आई त्यांना म्हणाली, "तुम्ही मोटर खोलल्याबिगर सांगता का काय जळलं ते? मंग पोरीचं न खोलता कसं सांगावं?"

ऊन उतरल्यावर ती घरी आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसली. त्या दिवशी कुंदाबाईने पायरीवर शेणाचं पाणी ओतलं. आई ओल्या पायरीवर बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी दार उघडलं आणि दिव्या बाहेर आली. पायात चप्पल, खांद्यावर ओढणी. म्हणाली, "काकू, मी येतो तुमच्यासंग. बस किती वाजता आहे?"

कुंदाबाईने तिचा दंड धरला. दिव्या कळवळली, पण हात सोडवला नाही. "आई, मले हात वर करून वेणी घालता येत नाही. तू रोज घालून देतं. तुले माहीत नाही का?"

कुंदाबाईचा हात सुटला. ती आली नाही, पण अडवलंही नाही. माझे पाय त्या दिवशी चालत नव्हते, म्हणून मी राहिले. आई आणि दिव्या बसने सौंसरला गेल्या.

कार्डावर होतं तेच निघालं. गावात गोष्ट लपत नाही. पोराकडच्यांनी स्वतःच्या पोराचं रक्त तपासलं नाही, सरळ निरोप पाठवला की सोयरीक जमत नाही. साक्षगंधाला आणलेली साडी परत गेली. त्या हंगामात तोड्याच्या टोळीत आईला कोणी बोलावलं नाही. लग्न मोडणाऱ्या बाईचा हात झाडाला नको, असं म्हणाले.

याला आता सहा वर्षं झाली. मी घरी बसून दहावी केली, बारावी केली. दिव्या रोज गोळी घेते. मधे तिला दोनदा नागपूरला भरती करावं लागलं. दुसऱ्या वेळी छातीत भरलं होतं. फाईल पाहून डॉक्टरांनी एक मिनिट वाया घालवलं नाही, म्हणून ती परत आली. तिचं लग्न अजून झालेलं नाही. त्या घरची मोठी माणसं आईशी बोलत नाहीत. नळावर आई आली की कुंदाबाई अर्धी भरलेली बादली उचलून निघून जाते.

दिव्या मागे थांबते. आईशी बोलते.